कोलंबो ते माले: दोन बेटांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ घरबसल्या कसा काढायचा

श्रीलंका आणि मालदीव एकाच सहलीत जोडून करायचा बेत पुण्यात आता नवा राहिलेला नाही. कँडी-नुवारा एलियाचा डोंगरी भाग बघायचा, मग कोलंबोहून विमानाने मालेला जायचं आणि शेवटचे तीन-चार दिवस समुद्रावर काढायचे. बेत छान आहे, पण तो कागदावर मांडताना घरोघरी एकच प्रश्न अडतो: कोलंबो ते माले नक्की किती वेळ लागतो? जातानाच्या तिकिटावरच्या वेळा वजा केल्या तर साधारण एक तास येतो. परतीच्या तिकिटावर तेच गणित दोन तास दाखवतं. प्रत्यक्षात विमान दोन्ही वेळेला दीड तासाच्या आसपास घेतं. आणि हॉटेलच्या दारापासून रिसॉर्टच्या दारापर्यंतचा वेळ मोजला, तर अख्खा दिवस जातो.

हे चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, एवढंच. अंतर एकदा काढलं की बदलत नाही. वेळ मात्र एकावर एक थर चढत तयार होतो, आणि बेटांच्या बाबतीत सगळ्यात जाड थर आकाशात नसतो, जमिनीवर आणि पाण्यावर असतो. म्हणून सुट्टीचे मोजके दिवस आणि साठवलेले पैसे लावण्याआधी हे गणित एकदा स्वतः करून बघा, असं मी आग्रहाने सांगतो. त्यासाठी कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. गणित दहावीच्या पुढचं नाही.

पहिलं काम: विमानतळ नक्की कोणता?

अंतर शहरांमधलं काढायचं नाही, विमानतळांमधलं काढायचं. कोलंबोचा आंतरराष्ट्रीय विमानतळ, म्हणजे बंदारनायके विमानतळ, कोलंबोत नाहीच. तो उत्तरेला कटुनायकेला आहे, नेगोंबोच्या जवळ, शहरापासून रस्त्याने 30 किलोमीटरहून थोडा जास्त. शहराच्या दक्षिणेला रत्मलाना नावाचा दुसरा, जुना आणि छोटा विमानतळ आहे, आणि दक्षिण टोकाला हंबनटोटाजवळ 2013 साली सुरू झालेला मत्तला आहे. तुमच्या तिकिटावर सीएमबी असा कोड असेल, तर तो कटुनायकेचा.

मालेचा वेलाना विमानतळही माले शहराच्या बेटावर नाही. तो शेजारच्या हुलहुले बेटावर आहे. 2018 मध्ये पूल झाल्यापासून तिथून शहरात टॅक्सीने दहा मिनिटांत जाता येतं. त्याचा कोड एमएलई.

शहराचे अक्षांश-रेखांश घेऊन गणित केलं तर कोलंबो-माले अंतरात दहा-पंधरा किलोमीटरचा फरक पडतो. विमानाच्या वेळेत तो जाणवणार नाही, पण टॅक्सीच्या वेळेत नक्की जाणवेल. म्हणून सवय पहिल्यापासून नीट लावलेली बरी.

हीच काळजी आता पुणेकरांना घराजवळही घ्यावी लागते. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झालं. त्यामुळे तिकिटावर मुंबई दिसलं म्हणजे अंधेरी-सहारचाच विमानतळ, असं गृहीत धरू नका. विमानतळाचं पूर्ण नाव आणि टर्मिनल वाचा, मगच गाडी ठरवा.

अक्षांश-रेखांश दशांशात आणणं

नकाशावर किंवा विमानतळाच्या माहितीत आकडे बहुतेक वेळा अंश, मिनिटं आणि सेकंदांत दिलेले असतात.

कटुनायके: 7 अंश 10 मिनिटं 52 सेकंद उत्तर, 79 अंश 53 मिनिटं 1 सेकंद पूर्व.
वेलाना, माले: 4 अंश 11 मिनिटं 30 सेकंद उत्तर, 73 अंश 31 मिनिटं 45 सेकंद पूर्व.

इथे सगळ्यात जास्त गडबड होते ती 7 अंश 10 मिनिटं म्हणजे 7.10 असं लिहिण्याने. अंशाची मिनिटं 60 असतात, 100 नाही. म्हणून मिनिटांना 60 ने आणि सेकंदांना 3600 ने भागायचं. 10 भागिले 60 म्हणजे 0.1667, 52 भागिले 3600 म्हणजे 0.0144, दोन्हींची बेरीज 0.181. कटुनायकेचा अक्षांश झाला 7.181. याच रीतीने बाकीचे: रेखांश 79.884, मालेचे 4.192 आणि 73.529.

अंतर

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे खरं हवाई अंतर गोलावरच्या कमानीचं असतं. त्याचं रीतसर सूत्र आहे आणि संगणक तेच वापरतो. पण आपल्या हिंदी महासागरातली बेटं विषुववृत्ताजवळ आहेत, एकमेकांपासून फार लांबही नाहीत. अशा ठिकाणी पायथागोरसचा काटकोन त्रिकोण जवळजवळ तितकंच अचूक उत्तर देतो. म्हणून मी तोच सुचवतो; त्यातली प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर राहते.

उत्तर-दक्षिण फरक: 7.181 वजा 4.192 म्हणजे 2.989 अंश. एक अंश अक्षांश म्हणजे 111.2 किलोमीटर. गुणाकार 332 किलोमीटर.

पूर्व-पश्चिम फरक: 79.884 वजा 73.529 म्हणजे 6.355 अंश. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर 111.2 किलोमीटरचा असतो आणि ध्रुवाकडे जाताना आक्रसत जातो. तो किती आक्रसला, हे दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या कोसाइनवरून कळतं. सरासरी अक्षांश 5.69 अंश, त्याचा कोसाइन 0.995. म्हणजे 6.355 गुणिले 111.2 गुणिले 0.995, उत्तर 703 किलोमीटर. कोसाइन काढताना कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेला आहे ना, हे बघून घ्या. 0.995 ऐवजी 0.83 च्या जवळचं काही आलं, तर तो रेडियनवर आहे.

आता 332 चा वर्ग अधिक 703 चा वर्ग, आणि त्या बेरजेचं वर्गमूळ. उत्तर: सुमारे 778 किलोमीटर. गोलाच्या पूर्ण सूत्राने केलं तरी 778 च येतं. म्हणजे पायथागोरसने इथे काही दगा दिलेला नाही. युरोपातून जपानला, असं लांबचं आणि उत्तरेकडचं अंतर काढायचं असेल, तर मात्र हा त्रिकोण सोडून द्या आणि गोलाचंच सूत्र घ्या.

हेच अंतर कुठे 483 दिसेल, कुठे 420. घाबरू नका. 483 हे साधे मैल आहेत, 1.609 किलोमीटरचे. 420 हे सागरी मैल आहेत, 1.852 किलोमीटरचे, आणि वैमानिक तेच वापरतात. सागरी मैलाचं मूळ फार सुंदर आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, एक अंश म्हणजे 60. त्यामुळे नकाशाच्या कडेला छापलेले अक्षांशच मोजपट्टीचं काम करतात. कोणी नुसतं मैल म्हणून आकडा सांगितला, तर कोणते मैल हे विचारल्याशिवाय पुढचं गणित करू नका.

एक सापळा विषुववृत्ताचा. मालदीवची बेटं विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरली आहेत. दक्षिण टोकाच्या अड्डू ॲटॉलवरचा (ॲटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) गान विमानतळ 0 अंश 41 मिनिटं दक्षिणेला आहे. 1976 पर्यंत तिथे ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. माले ते गान अंतर काढताना 4.192 मधून 0.693 वजा केलं तर अंतर 390 किलोमीटरच्या आसपास येतं, आणि ते चूक आहे. दोन ठिकाणं विषुववृत्ताच्या दोन बाजूंना असली की अक्षांशांची बेरीज करायची. मग फरक 4.885 अंशांचा होतो आणि खरं अंतर साधारण 545 किलोमीटर निघतं.

पुण्याच्या वाचकांसाठी आणखी एक आकडा सांगतोच, कारण तो पहिल्यांदा काढल्यावर मी बराच वेळ नकाशाकडे बघत बसलो होतो. लोहगावचा रेखांश 73.92 आहे आणि मालेचा 73.53. म्हणजे माले पुण्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. लोहगावहून नाक दक्षिणेकडे ठेवून 1,600 किलोमीटर गेलं की माले येतं. कोलंबो पुण्यापासून 1,423 किलोमीटर. कोलंबोमार्गे मालेला गेलात तर एकूण 2,201 किलोमीटर होतात, थेट अंतरापेक्षा 600 किलोमीटर जास्त. फक्त मालदीवच बघायचं असेल, तर कोलंबोचा वळसा कशासाठी घेतोय, हा प्रश्न स्वतःला एकदा विचारावा. श्रीलंकाही बघायची असेल, तर तो वळसा पूर्ण वसूल होतो.

अंतरातून उड्डाणाचा वेळ

या मार्गावर ए320 सारखी जेट विमानं धावतात. अशा विमानाचा वरचा स्थिर वेग ताशी साधारण 830 किलोमीटर असतो. 778 भागिले 830 म्हणजे 56 मिनिटं. पण विमान सगळा वेळ त्या वेगाने जात नाही. म्हणून साधा नियम असा: जेटसाठी अंतर भागिले 830, अधिक 30 मिनिटं. कोलंबो-मालेसाठी 1 तास 26 मिनिटं. वेळापत्रकातला दीड तास याच्याशी जुळतो.

ही 30 मिनिटं कशाची, ते समजून घेण्यासारखं आहे. गेटपासून मागे सरकून धावपट्टीपर्यंत जायला दहा-बारा मिनिटं. मग सुमारे वीस मिनिटं चढण, त्यात 200 किलोमीटरच्या वर अंतर जातं. उतरणही तशीच लांब. वैमानिकांचा ढोबळ हिशेब 1,000 फूट खाली यायला 3 सागरी मैल असा असतो. 36,000 फुटांवरून उतरायचं तर 108 सागरी मैल, म्हणजे 200 किलोमीटर आधीच उतरायला लागावं लागतं. चढण आणि उतरण वजा केली, तर 778 मधले जेमतेम 340 किलोमीटर उरतात, आणि ते 25 मिनिटांत संपतात. म्हणजे दीड तासाच्या प्रवासात विमान सरळ, स्थिर उंचीवर असतं ते 25 मिनिटंच. बेल्टची खूण लगेच पुन्हा का लागते आणि कर्मचारी खाणं इतक्या घाईने का वाढतात, याचं कारण इथे आहे. लहान मुलं किंवा गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा सोबत असतील, तर स्वच्छतागृहाला जाऊन यायची वेळ याच 25 मिनिटांत बसवावी लागते.

विमान सरळ रेषेतही जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गाने जातं आणि धावपट्टीच्या दिशेने वळून उतरतं. कोलंबोहून मालेकडे जाताना दिशा पश्चिम-नैऋत्य असते, तर मालेची धावपट्टी उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे शेवटी एक वळण घ्यावंच लागतं. कोणत्या टोकाने उतरायचं ते वाऱ्यावर ठरतं आणि त्यात पाच-सात मिनिटं इकडे-तिकडे होतात. वरच्या 30 मिनिटांत याची जागा धरलेली आहे.

पंख्याच्या विमानांसाठी नियम वेगळा. एटीआर 72 सारखं विमान ताशी 500 धरायचं आणि 25 मिनिटं मिळवायची. मालदीवमध्ये धावणारी ट्विन ऑटर सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, ताशी 270 च्या आसपास. तिथे मिनिटांपेक्षा तुमच्या आधी किती रिसॉर्टवर ती थांबणार आहे, हे महत्त्वाचं.

वारा

इथे थोडं थांबतो, कारण हा विषय पुण्याचा आहे. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून आपण रोज जातो. 1928 साली भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं आणि 1944 पर्यंत इथेच होतं, म्हणून ते नाव. या खात्याचे शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी 1950 च्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट मांडली. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, द्वीपकल्पावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगवान वारा वाहतो. खाली, जमिनीलगत, नैऋत्येचा मोसमी वारा आणि वर त्याच्या उलट दिशेचा, पूर्वेचा जेट प्रवाह. त्याचा जोर साधारण 14 ते 16 किलोमीटर उंचीवर सर्वाधिक असतो. विमानं 11-12 किलोमीटरवरून जातात, तिथेही त्या दिवसांत वारा पूर्वेचाच असतो.

याचा अर्थ, पावसाळ्यात कोलंबोहून पश्चिमेला मालेकडे जाताना वारा पाठीशी असतो आणि परत येताना तोंडावर. मालेत उतरल्यावर झाडं बघून वाटेल की वारा पश्चिमेकडून येतोय, मग जाताना अडथळाच झाला असणार. वर चित्र उलटं होतं.

वेळेवर परिणाम किती? ताशी 75 किलोमीटर वारा धरला, तरी कोलंबो-मालेच्या 340 स्थिर किलोमीटरांत दोन-अडीच मिनिटांचा फरक. चढण-उतरणीसह फार तर पाच मिनिटं. इतक्या छोट्या मार्गावर वाऱ्याची चिंता करू नका. लांब मार्गावर मात्र तोच वारा मोठा होतो. 2,240 किलोमीटरला तो पाठीशी असेल तर सुमारे 2 तास 29 मिनिटं आणि तोंडावर असेल तर 2 तास 58 मिनिटं, चढण-उतरण सोडून. जवळजवळ अर्धा तास.

घड्याळ

श्रीलंकेचं घड्याळ 2006 पासून भारताबरोबर चालतं. मालदीव अर्धा तास मागे आहे. कोलंबोहून सकाळी 7:00 ला निघालात, दीड तासाने पोहोचलात, तर कोलंबोत 8:30 वाजलेले असतील आणि मालेत 8:00. तिकीट वजाबाकीत एक तास दाखवतं. परत येताना मालेहून 9:00 ला निघालात, तर मालेच्या घड्याळात 10:30 ला, कोलंबोच्या घड्याळात 11:00 ला उतरता. वजाबाकी दोन तास.

इथे एक सोपी युक्ती चालते. जातानाचा आणि येतानाचा घड्याळातला फरक घ्या, बेरीज करा, दोनाने भागा. एक आणि दोन, सरासरी दीड. हा खरा उड्डाणाचा वेळ, आणि वाऱ्याचा परिणामही त्यात बराचसा कटून जातो. जगातल्या कोणत्याही दोन विमानतळांना हे लागू आहे, वेळेचा पट्टा माहीत नसला तरी. फक्त दोन्ही फेऱ्या थेट असाव्यात, आणि तारीख बदलत असेल तर 24 तास मिळवायला विसरू नका.

मालदीवमध्ये आणखी एक पेच आहे. काही रिसॉर्ट आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून. परतीच्या बोटीची किंवा सीप्लेनची वेळ कळली की ती रिसॉर्टची वेळ आहे की मालेची, हे तोंडी विचारा आणि लिहून ठेवा. मोबाइल मालेची वेळ दाखवत राहतो, त्यामुळे इथे खरंच घोटाळा होऊ शकतो.

बेटांचा मोठा थर: पुढचा प्रवास

मालेत विमान उतरलं म्हणजे तुम्ही पोहोचलात असं नाही. जवळच्या रिसॉर्टला स्पीडबोट जाते, ती रात्रीही मिळू शकते. लांबच्या ॲटॉलना सीप्लेन, आणि सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडते. वैमानिकाला डोळ्यांनी पाणी बघून उतरायचं असतं. मालेत वर्षभर सूर्य सहाच्या आसपास मावळतो. शेवटची विमानं त्याच्या बरीच आधी सुटतात. म्हणून रिसॉर्ट साधारणपणे सांगतात की दुपारी साडेतीनपर्यंत मालेला उतरा. ती वेळ चुकली तर एक रात्र मालेत किंवा विमानतळाला लागून असलेल्या हुलहुमालेत काढावी लागते, आणि रिसॉर्टच्या त्या रात्रीचे पैसे भरलेले असतील तर ते गेले.

त्यामुळे या दिवसाचं गणित नेहमी उलटं, शेवटाकडून सुरुवातीकडे करा. मालेला 15:30 ला उतरायचं आहे. मालेचे 15:30 म्हणजे कोलंबोचे 16:00. त्यातून दीड तास वजा, म्हणजे कटुनायकेहून उड्डाण 14:30 ला. तीन तास आधी विमानतळावर, 11:30. कोलंबो शहरातून द्रुतगती मार्गाने पाऊण ते एक तास, म्हणजे हॉटेल साडेदहापर्यंत सोडायचं. आणि आदली रात्र कँडीत काढली असेल तर? तिथून विमानतळ तीन-साडेतीन तासांवर आहे, घाटाचा रस्ता आहे. सकाळी आठला गाडीत बसायला हवं, आणि मी तर साडेसात म्हणेन. माझं स्पष्ट मत असं की शेवटची रात्र नेगोंबोत काढा. समुद्रकिनारा आहे, विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे, आणि सकाळचं विमान घेता येतं. दुपारचं स्वस्त तिकीट घेऊन सीप्लेन हुकण्याचा धोका पत्करू नका.

कागदपत्रांचाही वेळ धरा. श्रीलंकेसाठी ईटीए, म्हणजे ऑनलाइन मिळणारी प्रवास परवानगी, घरूनच करून ठेवा. मालदीवचा व्हिसा उतरल्यावर मिळतो, पण प्रवासाआधीच्या 96 तासांत ऑनलाइन घोषणापत्र भरावं लागतं. ते रांगेत उभं राहून भरायला गेलात तर अर्धा तास तिथेच गेला.

कोलंबोत फक्त विमान बदलणार असाल, तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर आहेत का ते बघा. एकाच तिकिटावर सामान थेट मालेला जातं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं असतील तर इमिग्रेशन करून बाहेर यायचं, पट्ट्यावरून बॅग घ्यायची आणि पुन्हा चेक-इन करायचं. अशा वेळी मधे चार तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये.

पुण्याच्या दारापासून मालेपर्यंत

आता सगळे थर एकत्र लावू. कोथरूडहून निघायचं, फक्त मालदीवला जायचं. दोन रस्ते आहेत.

पहिला, गाडीने मुंबई आणि तिथून थेट माले. मुंबई ते माले अंतर 1,658 किलोमीटर. नियमाने अडीच तास, वेळापत्रकात थोडा जास्त, म्हणून पावणेतीन धरू. कोथरूड ते मुंबई विमानतळ चार तास, तिथे तीन तास आधी, मालेत बाहेर पडायला एक तास. बेरीज पावणेअकरा तास.

दुसरा, लोहगावहून बेंगळुरू आणि तिथून माले. कोथरूड ते लोहगाव एक तास, तिथे दोन तास आधी, बेंगळुरूपर्यंत दीड तास, मधे तीन तास, बेंगळुरू-माले 1,102 किलोमीटरला दोन तास, मालेत एक तास. बेरीज साडेदहा.

म्हणजे जवळजवळ बरोबरी. मग निवड मिनिटांवर नाही, अनिश्चिततेवर करा. जून ते सप्टेंबर खंडाळ्याच्या घाटात दरड किंवा वाहतूक अडकली, तर चार तासांचे सहा होतात. त्या महिन्यांत मी लोहगावचा मार्ग घेईन. हिवाळ्यात, पहाटेच्या मोकळ्या रस्त्याने, मुंबईचा. घरात पायऱ्या चढ-उतार न जमणारं कोणी असेल, तर एकच विमान असलेला मुंबईचा मार्ग कोणत्याही ऋतूत बरा. उड्डाणांच्या फेऱ्या हंगामाप्रमाणे बदलतात, त्यामुळे त्या महिन्याचं वेळापत्रक बघूनच हे आकडे भरा.

थेट विमानच नसेल तेव्हा: पोर्ट ब्लेअर ते अगत्ती

आपल्याच देशातली दोन टोकाची बेटं घेऊ. अंदमानचं पोर्ट ब्लेअर, आताचं श्री विजयपुरम, आणि लक्षद्वीपमधलं अगत्ती. पहिल्या ठिकाणच्या वीर सावरकर विमानतळाचे आकडे 11.641 आणि 92.730, अगत्तीचे 10.824 आणि 72.176. वरच्या रीतीने अंतर सुमारे 2,243 किलोमीटर. जेटच्या नियमाने 3 तास 12 मिनिटं.

पण असं विमान नाही. अगत्तीची धावपट्टी 1,200 मीटरच्या आसपास आहे, तिथे कोचीहून एटीआर जातं. म्हणून मार्ग पडतो पोर्ट ब्लेअर-चेन्नई 1,373 किलोमीटर, चेन्नई-कोची 519, कोची-अगत्ती 467. एकूण 2,359. सरळ अंतरापेक्षा फक्त 5 टक्के जास्त! तिन्ही उड्डाणांचे वेळ नियमाने जोडले तर 2 तास 9 मिनिटं, 1 तास 8 मिनिटं आणि 1 तास 21 मिनिटं, म्हणजे 4 तास 38 मिनिटं. त्यात दोन थांबे मिळवले की सगळं जुळून आलं तरी दहा-बारा तास. आणि त्या दिवसाची अगत्तीची फेरी निघून गेली असेल, तर कोचीत मुक्काम. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. तो हातात आल्याशिवाय तिकीट पक्कं करू नका.

या जोडीत घड्याळाचाही वेगळाच अनुभव येतो. दोन्हीकडे भारतीय प्रमाणवेळ, म्हणून वजाबाकी सोपी. पण रेखांशात साडेवीस अंशांचा फरक आहे आणि प्रत्येक अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. म्हणजे सूर्य अगत्तीच्या 82 मिनिटं आधी अंदमानात डोक्यावर येतो, आणि मावळतोही साधारण तितक्याच आधी. पोर्ट ब्लेअरला दुपारी उतरून त्याच दिवशी स्वराजद्वीपची बोट पकडायचा बेत आखताना पुण्याचा अंधार पडायचा वेळ डोक्यात ठेवू नका. तिथे संध्याकाळ पाचलाच सुरू झालेली असते आणि बोटी त्याप्रमाणे आधी सुटतात.

वेळापत्रकात न दिसणारा एक भाग

बेटाकडे जाणाऱ्या विमानाला एक जास्तीची तयारी ठेवावी लागते. पुण्यात उतरता आलं नाही, तर मुंबई जवळ आहे. मालेत उतरता आलं नाही, तर मालदीवमध्येच उत्तरेला हनीमाधू किंवा दक्षिणेला गान, नाहीतर 600 किलोमीटरवरचं तिरुअनंतपुरम. तेवढं इंधन सोबत घेऊनच विमान निघतं. मोसमी पावसाची जोरदार सर आली की विमान मालेवर दहा-वीस मिनिटं घिरट्या घालतं, सर सरकली की उतरतं. हे सुरक्षिततेचं काम आहे, त्याला उशीर समजू नये, आणि तेवढी जागा तुमच्या गणितात आधीच असली पाहिजे. मे ते ऑक्टोबरदरम्यान मी उतरण्याच्या वेळेत अर्धा तास आणि सीप्लेनआधी आणखी एक तास मोकळा ठेवायला सांगतो.

परतीच्या दिवशी हेच गणित उलट्या दिशेने करायचं. सीप्लेनची नक्की वेळ बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी कळते आणि तुमच्या विमानाच्या तीन-चार तास आधी मालेला सोडेल अशी ती ठरवलेली असते. तुमचं विमान सकाळी नऊच्या आधीचं असेल, तर त्या दिवशीची कोणतीही सीप्लेन तुम्हाला वेळेत आणू शकत नाही. आदली रात्र हुलहुमालेत काढावी लागेल. म्हणून परतीचं तिकीट दुपारनंतरचं घ्या, आणि त्याच दिवशी कोलंबोहून किंवा मुंबईहून पुण्याकडे पुढचं काही जोडलेलं असेल, तर मधला वेळ मालेच्या नाही, भारताच्या घड्याळात मोजा.